बारकीले सांगू नका

नागपूर
१४ ऑक्टोबर २०२३

ताई,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाहीये. फोनवर तू रडशील, मग मलाच तुला समजवावं लागेल आणि बोलायचं ते राहून जाईल. कागदावर तुला मला मध्येच थांबवता येत नाही. तूही कागदावरच उत्तर दे. होस्टेलचा पत्ता तोच आहे, चार वर्षं तूही इथंच राहिलीस.

नागसेन सरांनी तुला हैदराबादला फोन करून काय सांगितलं, मला ठाऊक नाही. हिमानी परीक्षेत घाबरली, पेशंटला अर्ध्यात सोडून पळाली, असंच सांगितलं असेल. त्यांनी तेवढंच पाहिलं. बाकीचं मी सांगते.

या परीक्षेच्या प्रेमात मला तूच पाडलं होतंस. तुझ्या वेळच्या तोंडी परीक्षेत त्या बाहेरून आलेल्या परीक्षकानं तुला गाव विचारलं, आणि काटोल म्हटल्यावर म्हणाला, मग संत्री विकायची सोडून इथं काय करतेस. घरी येऊन तू दोन दिवस जेवली नव्हतीस. म्हणून नवा अभ्यासक्रम आला तेव्हा तू त्याच्या कामात पडलीस. एम.डी. करताना रात्रीच्या ड्यूट्या सांभाळून नागसेन सरांबरोबर केसेस लिहायचीस. मला सांगायचीस, हिमू, तुमच्या बॅचला कोणी आडनाव आणि गाव विचारणार नाही. हॉलमध्ये पडदे लावून लहान लहान खोल्या करतील, प्रत्येक पडद्याआड एक काम, त्याला स्टेशन म्हणायचं, सगळ्यांना तेच काम, तोच पेशंट, तेवढाच वेळ. घंटी वाजली की पुढच्या पडद्याआड. परीक्षक कोपऱ्यात गप्प बसून खुणा करेल. पेशंटशी नीट बोललात तर त्याचेही गुण आहेत.

मला ते खरंच पटलं होतं. आमची पहिली बॅच, म्हणून प्रशिक आम्हाला प्रयोगशाळेतले उंदीर म्हणायचा. सौरवनं तर सहानुभूतीची वाक्यं पाठ केली होती. 'तुमच्या मनाची अवस्था मी समजू शकतो', एवढं म्हणायचं, मग मनात दहापर्यंत मोजायचं आणि पाण्याचा ग्लास पुढं करायचा. पेशंट खोकल्याचा असला तरी तो ग्लास पुढं करायचा. आम्ही हसायचो. पण वॉर्डात एखाद्या म्हातारीजवळ खुर्ची ओढून बसायला मी याच परीक्षेमुळे शिकले, हे मी सगळ्यांना सांगायचे. तुझं नाव घेऊन सांगायचे.

मंगळवारी माझं सातवं स्टेशन होतं. पडद्याला लावलेल्या कार्डावर लिहिलं होतं : शोभाबाई, वय सेहेचाळीस, राहणार सावनेर. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. रिपोर्ट आजच आला आहे. रुग्णाला ही बातमी सांगा.

आत एक बाई बसली होती. पेशंटचं काम करायला येतात त्यांपैकी एक, मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. खुर्चीच्या अगदी टोकावर, जणू आत्ताच उठून जायचं आहे अशी बसलेली. डाव्या हातानं उजव्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवत होती. मी नमस्कार केला, नाव सांगितलं, तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे म्हणून विचारलं. ती म्हणाली,

"गोल गोल बोलू नका जी. जिलबी खायले नाही आली मी."

ताई, हे वाक्य जगात एकाच बाईचं आहे.

मला वाटलं योगायोग असेल, एखादीची बोलायची लकब असू शकते. मी 'कॅन्सर' हा शब्द उच्चारला. तिनं बांगड्या पुन्हा वर सरकवल्या आणि म्हणाली, "माह्या बारकीले सांगू नका. थे नागपुरात खोली करून राह्यते, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून राहिली. तिले पित्ताचे खडे आहेत म्हणून सांगतलं. मोठीले सारं माहीत आहे. मोठी डॉक्टर आहे माही."

मी तिला विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं. ती शोभाबाईच राहिली. म्हणाली, कोन सांगन जी, माही पोर आहे, मलेच माहीत. मी परत विचारलं. कोपऱ्यात परीक्षक म्हणून बसलेल्या नागसेन सरांनी वर पाहिलं. मी उठले आणि घंटी व्हायच्या आत पडदा सारून बाहेर आले. पुढच्या स्टेशनांवर गेलेच नाही.

दुपारी सरांना गाठून मी विचारलं, ती केस कुणाची. ते कौतुकानं म्हणाले, "कामिनीची. आपल्याकडची सगळ्यात चांगली केस आहे ती. सावनेरची पेशंट होती म्हणे तिची."

आईला खडे होते. ऑपरेशन झालं, आत जंतू पसरले, एका रात्रीत गेली. हे मला तू सांगितलंस. चार वर्षं मी त्या सर्जनला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मला फक्त एक लिही, आईला काय झालं होतं?

हिमानी


नागपूर
२९ ऑक्टोबर २०२३

ताई,

तुझं पत्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मिळालं. तीन वेळा वाचलं. त्यात 'मला माफ कर' पाच ठिकाणी आहे. मी विचारलं होतं त्याचं उत्तर शेवटच्या पानावर आहे, तेही एका ओळीत. हो, स्वादुपिंड. फेब्रुवारीत कळलं.

म्हणजे मी खोलीत बसून प्रश्नपत्रिका सोडवत होते तेव्हा तुम्हा तिघांना माहीत होतं. आई दर रविवारी फोन करून जेवलीस का विचारायची, तिचा आवाज बसलेला असायचा, आणि मी म्हणायचे, आई, लवकर बोल, मला टेस्ट आहे. ती लवकर बोलायची.

तू लिहितेस की आईनं शपथ घातली होती. तू लिहितेस की तेव्हा तू नुकती इंटर्न झाली होतीस, घरात तुझ्याशिवाय डॉक्टर नव्हता, बाबा रिपोर्टचा कागद हातात घ्यायलाही तयार नव्हते. हे सगळं मी समजू शकते. (हे वाक्य सौरवचं नाही, माझं आहे.) केस तू शिक्षकांच्या कार्यशाळेसाठी लिहिली होतीस, विद्यार्थ्यांच्या परीक्षेत ती येईल, तीही माझ्या, असं तुझ्या ध्यानीमनी नव्हतं. हेही मी मानलं.

पण ताई, सेकंड इयर आठव. मी पॅथॉलॉजी वाचत होते, स्वादुपिंडाचं प्रकरण. न दुखता येणारी कावीळ, झरझर उतरणारं वजन. पुस्तक तसंच उघडं ठेवून मी तुझ्या खोलीत आले होते. तू आंघोळ करून केस पुसत होतीस. मी विचारलं होतं, ताई, आईची कावीळ दुखायची का गं? आणि तू टॉवेल डोक्यावर तसाच धरून म्हणालीस, खड्यांनीही कावीळ होते, वेडे, नीट वाच.

तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. कुठली शपथ उरली होती? मी दारात उभी राहून तुला विचारत होते. माझ्या तोंडावर तू खोटं बोललीस, आणि वर मला नीट वाचायला सांगितलंस. मी नीट वाचलं. काविळीचं पान पुन्हा वाचलं आणि स्वतःला म्हटलं, ताईला जास्त कळतं.

त्यानंतर वर्षभरानं तू ही केस लिहिलीस. मला सांगायला तुझ्याजवळ शब्द नव्हते आणि परीक्षेसाठी होते.

गुरुवारी मी त्या बाईंना भेटले. कुसुमताई त्यांचं नाव. वाडीला गोदामांच्या मागं खोली घेऊन राहतात, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायला वडसा-ब्रह्मपुरीकडे जातात, एरवी कॉलेजच्या परीक्षा असल्या की इथं पेशंट होतात. मी कॅन्टीनमध्ये त्यांच्यासमोर बसले तेव्हा त्या आधी माझीच माफी मागायला लागल्या. माझं काही चुकलं का बाई, तुम्ही उठून गेल्या म्हणून. मी म्हटलं तुमचं काही चुकलं नाही. मग त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की इतर केसेसना तासभर तालीम असते, पण या केसला तुमच्या कामिनी मॅडमनं मला कितीतरी दुपारी बोलावलं. त्या स्वतः खुर्चीच्या टोकावर बसून दाखवायच्या. बांगड्या सरकवून दाखवायच्या. जिलबीचं वाक्य जमेना तर म्हणायच्या, असं नाही कुसुमताई, हसत म्हणायचं, डॉक्टरची गंमत करून राहिल्यासारखं. एकदा ते तंतोतंत जमलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, पुन्हा म्हणा. मग पुन्हा. मग त्या दिवशीची तालीम बंदच केली.

नाटकातली गोष्ट सांगावी तसं त्या हे सगळं सांगत होत्या. त्यांना काय ठाऊक. मी चहाचे पैसे देऊन उठले.

तू मला लिहिलंस की त्या केसमध्ये तू आईचं दुःख बाहेर काढलंस, कुणाशी बोलता येत नव्हतं म्हणून. मला त्यात वेगळंच दिसतं. मरतेय हे माहीत असलेली आई तुला चार महिने मिळाली. तिच्याशी खरं बोलता आलं, तिला काय होतंय हे माहीत असताना तिची पाठ चेपता आली. आणि नंतर त्या दुपारी ती तुला पुन्हा मिळाली. तुला आई दोनदा मिळाली, ताई. मला जी मिळाली ती खड्यांची पेशंट होती, जिला मी म्हटलं, लवकर बोल.

नागसेन सरांनी मला बोलावलं होतं. ते स्टेशन आणि पुढची सगळी मिळून माझे अंतर्गत गुण कमी पडतात, विद्यापीठाच्या फेब्रुवारीच्या परीक्षेला बसता येणार नाही. डिसेंबरात पुन्हा घेऊ म्हणाले, दुसरी केस देतो. त्यांना मी काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. सांगायचं असेल तर मी सांगेन.

हिमानी


काटोल
१५ नोव्हेंबर २०२३

ताई,

आज भाऊबीज. आपल्याला भाऊ नाही म्हणून आई आपल्या दोघींना एकमेकींना ओवाळायला लावायची. तू येणार नाहीस हे बाबांनी सांगितलं, माझ्यामुळे येत नाहीस हे त्यांनी सांगितलं नाही. बरं केलंस.

अंबिया बहाराचा माल उतरला आहे, मंडीत रस्त्यापर्यंत संत्र्यांचे ढीग आहेत. बाबा पहाटे अडतीवर जातात ते दुपारीच घरी येतात. त्यामुळे बोलायला पाडव्याची दुपार मिळाली. जेवून ते पलंगावर पडले होते. मी पायाशी बसले आणि म्हटलं, बाबा, मला आईचं कळलं.

ते उठून बसले. काय कळलं, असं त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी चष्मा शोधला, घातला, आणि माझ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, कामिनीनं सांगतलं? मी म्हटलं, नाही, परीक्षेत आलं होतं. त्यांना हे समजायला वेळ लागला. एक बाई पेशंट होऊन बसते, ताईनं आईचं सगळं तिला शिकवलं, ती आईसारखं बोलते आणि पोरांनी तिला कॅन्सर झालाय हे सांगायचं असतं, त्याचे गुण मिळतात. मी दोनदा समजावलं. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी विचारलं,

"कशी बोलत होती थे? वंदनासारखी?"

मी म्हटलं, हो. जिलबीचंही म्हणाली.

बाबा हसले, आणि हसतानाच त्यांचा चेहरा बिघडला. मग म्हणाले, "मले एकडाव ऐकवशीन का?"

मी उठून चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि तसेच पडल्या पडल्या त्यांनी जे सांगितलं त्यासाठी हे पत्र आहे.

चहा ठेवून मी विचारलं, बाबा, माझी प्रवेशाची परीक्षा तर पाच मेला झाली. आई गेली जूनच्या एक तारखेला. मधले दिवस मी नागपुरातच होते, मैत्रिणींबरोबर सिनेमे पाहत होते. मला तेव्हा का नाही बोलावलं? शपथ परीक्षेपुरतीच होती ना?

ते म्हणाले, "तुही माय म्हने, झाली ना पोरीची परीक्षा, आता बोलवा तिले. मी सांगते माह्या तोंडानं. दोन-तीनदा म्हनली. कामिनी म्हने, आई, निकाल लागू दे. आता सांगतलं तर पोरगी कोलमडन, पुढची धावपळ कोन करन. मले काय समजते त्यातलं. मोठी म्हनते तर बरोबरच असन."

निकाल पाच जूनला लागला. आई चार दिवस आधी गेली.

मला तू जे पत्र लिहिलंस, त्यात शपथ आहे, इंटर्नशिप आहे, रिपोर्ट हातात न घेणारे बाबा आहेत. हे नाही. तुझ्या केसमध्येही नाही. शोभाबाई म्हणते, बारकीले सांगू नका, आणि तिथंच केस संपते. पुढं एक दिवस शोभाबाई म्हणते, आता बोलवा बारकीले, आणि मोठी डॉक्टर मुलगी म्हणते, थांब. ती केस तू लिहिली नाहीस. त्या स्टेशनला कुणाला बसवणार होतीस?

आईनं माझ्यापासून लपवलं, ते मी सोसू शकते. आई होती, तिचा आजार होता, कुणाला सांगायचं हा तिचा हक्क होता, आम्हाला हेच शिकवतात. पण तिनं मला बोलावलं होतं, ताई. ती पलंगावर पडून मला हाक मारत होती आणि तू मध्ये उभी होतीस.

चार वर्षं मला वाटलं की मी आईचा शेवटचा महिना मजेत घालवला, कारण मला माहीत नव्हतं. आता मला माहीत आहे की ती वाट पाहत होती. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मला ठरवता येत नाही.

बाबांवर रागवू नकोस. मला सांगून टाकल्याचं त्यांना रात्री वाईट वाटलं. म्हणाले, दोघी बहिणी आहात, सांभाळून घ्या. मी हो म्हटलं नाही.

हिमानी


नागपूर
१३ डिसेंबर २०२३

ताई,

तुझं दुसरं पत्र आलं. यावेळी एकच पान आहे आणि त्यात सबब नाही, हे मी पाहिलं. तू लिहिलंस, 'हो, आई म्हणाली होती, आणि मी थांबवलं. मला वाटलं निकालापर्यंत ती राहील. मी डॉक्टर होते, मला अंदाज असायला हवा होता.' यावर मला आत्ता काही लिहायचं नाही. काल काय झालं ते तेवढं लिहिते.

फेरपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात मी नागसेन सरांकडे गेले आणि मला तीच केस द्या म्हटलं. ते म्हणाले, नियमानं दुसरी द्यायला हवी, आणि तुझ्या दृष्टीनंही दुसरीच सोपी. मी हट्ट धरला. प्रशिकला कळलं तेव्हा तो म्हणाला, काहून वं, मरायचं आहे का तुले, सरळ दम्याची केस घे, पंप कसा ओढायचा ते शिकव आणि घरी जा. त्याला मी सगळं सांगितलं आहे. बॅचमध्ये त्याला एकट्यालाच. तो त्यानंतर उंदरांचा विनोद करत नाही.

अधिवेशनामुळे अर्धे रस्ते बंद होते, कुसुमताईंची बस वाडीहून यायला उशीर झाला, परीक्षा दुपारवर गेली. मी पडद्याबाहेर उभी होते. कार्ड तेच. या वेळी मी ते वाचलं नाही.

आत गेले. खुर्ची ओढून जवळ बसले. काय माहीत आहे विचारलं. त्यांनी जिलबीचं म्हटलं. मी म्हटलं, नाही बोलणार गोल. कॅन्सर आहे, शोभाबाई. पसरलेला आहे. त्या गप्प झाल्या. मीही गप्प बसले. गप्प बसण्यालाही गुण आहेत, हे तुला माहीत आहे, सौरव मोजतो. मी मोजलं नाही. मी तिच्या बांगड्यांकडे पाहत होते.

मग ती म्हणाली, "माह्या बारकीले सांगू नका."

गुण कशाला आहेत तेही मला ठाऊक होतं. रुग्णाच्या इच्छेचा मान राखणे, गुप्ततेची खात्री देणे. ते वाक्य म्हटल्याशिवाय पास होत नाही. आणि ते वाक्य म्हणजे, मला सांगणार नाही असं मीच आईला वचन द्यायचं. मी महिनाभर विचार केला होता की तिथं माझं काय होईल.

मी म्हटलं, "तुमच्या परवानगीशिवाय मी कोणालाही सांगणार नाही."

म्हणता आलं, ताई. डॉक्टर म्हणून तेच बरोबर आहे, आणि तिथं मी डॉक्टर होते. मग मी विचारलं, "पण काहून नाही सांगायचं?"

"तिची परीक्षा आहे जी. जिंदगीची परीक्षा आहे."

"परीक्षा परत देता येते, शोभाबाई. मी आज दुसऱ्यांदाच देऊन राहिली."

हे त्यांच्या तालमीत नव्हतं. कुसुमताईंनी माझ्याकडं पाहिलं. रंगमंचावरची बाई आहे, भूमिका सोडत नाही. बांगड्यांवरचा हात मात्र थांबला. मग म्हणाल्या, "थे रडन ना पण."

मी म्हटलं, "रडेल. तुमच्याजवळ बसून रडेल."

घंटी झाली. मी नमस्कार करून बाहेर पडले आणि पुढच्या पडद्याआड गेले. तिथं रक्तदाब मोजायचा होता. मी मोजला. सगळी स्टेशनं केली.

संध्याकाळी सरांनी बोलावून घेतलं. मी पास आहे, फेब्रुवारीत बसता येईल. ते खूश होते. म्हणाले, त्या दोन वाक्यांत तू जे केलंस ते आम्हाला शिकवता येत नाही. रुग्णाचं गुपितही राखलं आणि तिला विचारही करायला लावला. ते म्हणाले, "मी हे संवाद केसमध्ये घालतो, नमुन्याचं उत्तर म्हणून. तुझं नाव देऊ."

मी म्हटलं, "नको सर. ती माझी आई आहे."

त्यांना आधी कळलं नाही. मग मी सांगितलं. सावनेरच्या जागी काटोल, शोभाच्या जागी वंदना, आणि बारकी मी. मागच्या वेळी का उठले तेही. ते बराच वेळ टेबलावरचं पेन सरळ करत बसले. त्यांनी विचारलं, कामिनीला हे माहीत होतं का की तुला माहीत नाही? मी म्हटलं, तुम्ही तिलाच विचारा. ते मला सॉरी म्हणाले. मी काही ते ऐकायला गेले नव्हते, पण ऐकून बरं वाटलं, कारण त्यांनी त्यापुढं 'पण' लावला नाही. केस ते आजच काढून टाकतो म्हणाले. यापुढं कुणाच्या घरची गोष्ट घेताना घरच्यांना विचारायचं, असंही म्हणाले. त्यांना एवढं साधं कुणी आधी सांगितलं नव्हतं, तूही नाहीस.

बाहेर कुसुमताई बससाठी थांबल्या होत्या. त्यांना कुणीतरी सांगितलं असावं, किंवा त्यांनी स्वतःच ओळखलं असावं. त्यांनी माझा हात धरला आणि सोडला. आता त्या झाडीपट्टीकडे निघतील, हंगाम सुरू झाला आहे.

आता तुझं. तू लिहिलंस, 'तू म्हणशील ते करीन.' मला एक हवं आहे.

चोवीस तारखेच्या रविवारी मी हैदराबादला येते. तू सुटी घे. मला फेब्रुवारीपासून सगळं सांग. रिपोर्ट कुणी वाचला, आई पहिल्यांदा काय म्हणाली, तिला काय खावंसं वाटायचं, रात्री ती कुणाशी बोलायची, माझं नाव केव्हा केव्हा घ्यायची. आणि मे महिन्यात 'आता बोलवा तिले' म्हणाली तेव्हा तू तिला नेमकं काय म्हटलंस आणि त्यावर तिनं काय म्हटलं. तिचे शब्द जसे होते तसे. सुंदर करू नकोस, तुला ते जमतं हे मी पाहिलं आहे. रडलीस तर मी थांबेन, पण उठून जाणार नाही आणि तुला समजावणारही नाही.

ते महिने माझे होते. तू ठेवून घेतलेस. मला परत पाहिजेत, सांगून देता येतील तेवढे.

त्यानंतर मी रात्रीच्या गाडीनं निघेन. बहीण म्हणून तुझ्याशी बोलायचं की नाही, ते मला आज माहीत नाही, आणि तुला बरं वाटावं म्हणून काहीतरी लिहिणं आता मला जमत नाही. गाडीवर घ्यायला येऊ नकोस. घराचा पत्ता पाठव, मी येते.

हिमानी